शनिवारचा खाडा

घाटकोपरला पंतनगरात म्हाडाच्या ज्या जुन्या इमारतीत चेतना तायडे राहते, तिथे नळाला पाणी पहाटे साडेचारला येतं आणि सहाला जातं. साडेचारला उठण्यावाचून गत्यंतर नाही, आणि चेतनाची पंचाईत अशी की तिला गजराने जाग येत नाही. मोबाइल कोकलतो, ती झोपेतच त्याचं तोंड दाबते, आणि आपण असं केलं हे तिला उजाडल्यावर कोरडा नळ बघून कळतं.

म्हणून गेली नऊ वर्षं तिला समोरच्या दारातली जया उठवते. जया मुलुंडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात साफसफाईचं काम करते, कंत्राटी. पाळी पाचची, आणि हॉस्पिटलची व्हॅन नाक्यावर यायची वेळ चार चाळीस. घरचं पाणी भरायचं काम नवऱ्याच्या, आकाशच्या गळ्यात टाकून ती निघते. जाता जाता चेतनाच्या दारावर तीन थापा मारते, "ताई, पाणी!" म्हणते आणि चपला वाजवत जिना उतरते. दार उघडायची वाट बघत नाही. आतून झोपाळलेलं "हो गं" ऐकू आलं की तिचं काम झालं.

चेतना सत्तेचाळीस वर्षांची. लग्न केलं नाही, का केलं नाही हे विचारणारेही आता थकले. वडील, खंडू तायडे, मेहकरकडून मुंबईत आले आणि विक्रोळीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात चिकटले. कामगारांची हजेरीची कार्डं रचून ठेवायची, उशिरा आलेल्याचं कार्ड बाजूला काढायचं, हे त्यांचं काम. "कार्डावर छाप नाय उठला म्हणजे माणूस आलाच नाय. मंग तो दिवसभर घाम गाळो," असं ते सांगत. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी बी.एस्सी. झाली, कॉम्प्युटर शिकली, आणि आता मेट्रोने अंधेरीला जाऊन मरोळच्या एका कंपनीत दिवसभर दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळते. घरी येते तेव्हा तिच्यात भाजी चिरण्याचंही त्राण नसतं.

पण पहाटेचा तो दीड तास तिचा स्वतःचा. स्वतःचा म्हणजे काय, तर तो ती जगाला देऊन टाकते. नळाखाली पिंप लावायचं, चहा ठेवायचा आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा. लिनक्स नावाची संगणक चालवणारी एक फुकट व्यवस्था आहे. तिला हजारो लहानमोठे प्रोग्राम लागतात. ते गोळा करून, एकमेकांशी जुळवून, बांधून जगाला देणारे गट असतात. त्यांना डिस्ट्रो म्हणतात. अशा एका डिस्ट्रोसाठी चेतना सतरा वर्षं काम करते आहे, एक पैसा न घेता. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच, फक्त इथे लष्कर कधी दिसत नाही. दिसतात त्या त्याच्या तक्रारी. तुमच्यामुळे माझा सर्व्हर बंद पडला. तुम्ही अजून उत्तर का दिलं नाही? तुम्हाला जमत नसेल तर सोडून द्या ना. हे सगळं अतिशय सभ्य भाषेत लिहिलेलं असतं, आणि म्हणूनच ते जास्त लागतं.

त्या कामाची एक गंमत तिला सुरुवातीला फार आवडायची. डिस्ट्रोच्या नोंदी शून्य रेषेच्या, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेने होतात, आणि आपण त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे पहाटे साडेपाचच्या आधी तिने जे काही केलं, त्यावर तारीख पडायची आदल्या दिवसाची. सोमवारी पहाटे केलेलं काम जगाच्या लेखी रविवारीच झालेलं. सतरा वर्षं ती अशी काल जगत आली होती. पुढे त्याचंही तिला काही वाटेनासं झालं.

तिच्याकडे अकरा पॅकेजं, म्हणजे बांधून द्यायच्या प्रोग्रामांची गाठोडी, होती. त्यातलं सगळ्यात कटकटीचं म्हणजे जगातल्या वेळांचा तक्ता. कुठल्या गावी घड्याळ शून्य रेषेच्या किती पुढे, किती मागे, कुठे उन्हाळ्यात तासाने पुढे सरकवतात, कुठे तो प्रकार बंद झाला, याची ही यादी. यादी मोठी नाही, पण नाठाळ आहे. कुठलंतरी सरकार उठतं आणि पंधरा दिवसांवर आलेला घड्याळबदल रद्द करतं, की लगेच नवा तक्ता काढा, तपासा, पाठवा. आणि नियम असा होता की वेळेशी संबंध असलेला कुठलाही प्रोग्राम घेतला की हा तक्ता त्याच्यासोबत यायचाच. शेगडी घेतली की लायटर घेतलाच पाहिजे, तसा. चिमुकल्या यंत्रांसाठी डिस्ट्रो वापरणारे लोक कुरकुरत होते. आम्हाला लायटर नको, आमच्याकडे काडेपेटी आहे. तक्ता ऐच्छिक करा, हवा तो घेईल.

दोन वर्षं तिने हा विषय ढकलला. मग गेल्या जूनमधल्या एका पहाटे तिने ढकलणं सोडून दिलं. कारण खरं सांगायचं तर तांत्रिक नव्हतं. ती थकली होती. तक्ता ज्यांच्याकडे सक्तीने जातो ते जितके कमी, तितक्या आपल्याकडे येणाऱ्या शिव्या कमी, एवढाच हिशेब तिने केला. "लागेलच" असं लिहिलेलं खोडून तिने "असलेला बरा" असं केलं, आणि खाली कारण लिहिलं: बहुतेकांना याची गरज नाही, कुणाचं नुकसान होणार नाही. पहाटेचे चार एक्कावन्न झाले होते. दिवस शनिवार. नोंद झाली शुक्रवारची.

तिने तपासलं नव्हतं असंही नाही. पण तपासलं आपल्याच लॅपटॉपवर, आणि तिथे तिने भारताची वेळ नावाने लिहिलेलीच नव्हती. "साडेपाच तास पुढे" अशी सरळ आकड्यात लिहिलेली होती. आपल्याकडे ते चालून जातं. इथे घड्याळ कुणी सरकवत नाही, उन्हाळा असो की पावसाळा, साडेपाच म्हणजे साडेपाच. तक्ता काढला तरी तिचं घड्याळ तसूभर हललं नाही. समाधानाने तिने लॅपटॉप मिटला आणि भरून वाहायला लागलेलं पिंप बाजूला केलं.

ही झाली जूनची गोष्ट. यंदा एप्रिलच्या एका रविवारी दुपारी जया दार न वाजवताच आत आली. एका हातात छापील कागद, दुसऱ्या हातात भिंतीवरून काढून आणलेलं कॅलेंडर, यंदाच्या पानांमागे गेल्या वर्षाचं तसंच अडकवलेलं.

"ताई, वाट लागली माझी. हे बघ ना जरा."

गोष्ट अशी होती की ट्रस्टने कंत्राटातल्या सफाई कामगारांना कायम करायचं ठरवलं होतं. अट एकच. मार्चअखेर सरलेल्या वर्षात दोनशे चाळीस दिवस हजेरी हवी, आणि ती मशीनची. दारावर चेहरा दाखवायचं मशीन होतं. पगार निघायचा मुकादमाच्या वहीवरून, त्यामुळे मशीन काय लिहितं याकडे आजवर कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता यादी लागली होती आणि जयाच्या नावापुढे दोनशे छत्तीस दिवस होते. शुक्रवारी संध्याकाळी यादी पक्की होणार होती.

"चार दिवस कमी. चार! चौदा वर्षं झाडू मारतेय तिथे, आणि चार दिवसांनी बाहेर," जया म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, हे चेतनाला जास्त जाणवलं. "ऑफिसवाले म्हणतात, तू शनिवारी दांडी मारतेस. मी? शनिवारी? ताई, मी मारते का दांडी?"

जयाचा पुरावा तिच्या हातात होता. आपल्याकडे दुधाचे खाडे कॅलेंडरवर मांडतात, तसे ती स्वतःचे खाडे मांडत असे. गेली नाही त्या दिवशी चौकटीत फुली, बस्स. वर्षभराचे मोजले तर तिची हजेरी भरत होती दोनशे चौऱ्याहत्तर.

चेतनाने कागद आणि कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवलं. जूनपर्यंत दोन्ही जुळत होतं. जुलैपासून पुढे मशीनच्या कागदावर प्रत्येक शनिवार कोरा. एकूण एक.

"आणि ही बघ मज्जा," जया बोट ठेवत म्हणाली. "दसऱ्याला मी नागपूरला गेले होते ना दीक्षाभूमीला? बुधवार, गुरुवार, शुक्रवार. मशीन म्हणतंय मंगळवार, बुधवार, गुरुवार. शुक्रवारी मी तिकडे रांगेत उभी, आणि इकडे मुलुंडला हजर! आहे की नाही झकास?"

चेतना हसली नाही. कागदावरचं तिचं बोट जागच्या जागी थांबलं. सगळं एक दिवस मागे सरकलं होतं. पाचला आलेली बाई आदल्या दिवशी आली असं मशीन म्हणत होतं. सोमवारची हजेरी रविवारी पडत होती, आणि रविवार सुट्टीचा म्हणून मोजलाच जात नव्हता. रविवारी ही पाळी येत नाही म्हणून शनिवार कोरा राहत होता. नऊला येणाऱ्या ऑफिसच्या माणसांना काहीच झालं नव्हतं. खाडा पडत होता तो फक्त साडेपाचच्या आधी येणाऱ्यांचा. सतरा वर्षं जी तारीख ती स्वतःच्या कामावर बघत आली होती, तीच इथे जयाच्या नावापुढे बसली होती.

"हे मशीन कुठल्या कंपनीचं आहे गं?" तिने विचारलं, आणि उत्तर ऐकायच्या आधीच लॅपटॉप ओढून घेतला.

त्या कंपनीचा सर्व्हर कुठल्या डिस्ट्रोवर चालतो हे शोधायला तिला पाच मिनिटं लागली. बाकीचं तिने ताडलं. त्यांनी वेळ नावाने लिहिली होती, जशी शहाण्या माणसाने लिहावी तशी. पण तक्ताच नसला की यंत्राला नाव ओळखता येत नाही. आणि ओळखता आलं नाही, हे ते सांगतही नाही. गुपचूप शून्य रेषेची वेळ धरतं आणि पुढे चालू लागतं. गेल्या जूनमध्ये त्यांनी सर्व्हर नव्याने बांधला तेव्हा तक्ता सोबत आला नाही, कारण आता तो सक्तीचा नव्हता. कुणी मागितलाही नाही, कारण तो आजवर न मागता येत होता.

"मशीनचं घड्याळ चुकलंय, जया," ती म्हणाली. "मी येते शुक्रवारी तुझ्यासोबत. समजावून सांगते त्यांना."

"तुला कळलं पण? एवढ्यात?" जयाच्या चेहऱ्यावर असा काही उजेड आला की चेतनाने नजर कॅलेंडरकडे वळवली. "ताई, तू ग्रेट आहेस यार!"

त्या क्षणी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. शरमेने म्हणा, भीतीने म्हणा. मग तिने मनाशी सारवासारव सुरू केली. एवढं तांत्रिक हिला काय कळणार? आधी काम होऊ दे, मग सांगू. आणि चूक माझी एकटीची थोडीच आहे? कंपनीने तपासायला नको? हे सगळं खरं होतं आणि कशाचाच उपयोग नव्हता.

सोमवारी पहाटे तिने पॅकेजची दुरुस्ती केली. यंत्राला चूक सांगणं माणसाला सांगण्यापेक्षा सोपं असतं. तक्ता ऐच्छिकच राहिला, पण आता तो नसला आणि कुणी नावाने वेळ मागितली, तर अंदाज करायचा नाही. सरळ थांबायचं आणि म्हणायचं, मला माहीत नाही. अर्ध्या तासात पहिली तक्रार आली. आमचं सगळं नीट चाललं होतं, हा आडमुठेपणा कुणासाठी? चेतनाने उत्तरात लिहिलं, "माझ्या शेजारणीसाठी." ते खोडलं. मग तीन ओळींचं तांत्रिक कारण लिहिलं आणि पाठवून दिलं.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. रोज साडेचारला तीन थापा पडत होत्या, आणि आता त्यांच्यामागून एक वाक्य जास्तीचं येत होतं. "ताई, पाणी! शुक्रवारचं लक्षात आहे ना?" आतून ती "हो गं" म्हणत होती. तिसऱ्या दिवशी तर तिला थापांच्या आधीच जाग आली आणि ती अंधारात त्या थापांची वाट बघत पडून राहिली.

शुक्रवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ट्रस्टच्या ऑफिसात विद्याधर कर्णिक नावाचे गृहस्थ बसले होते. निवृत्तीला दीड वर्ष उरलेला, वाईट नसलेला पण कागदाशिवाय पापणीही न हलवणारा माणूस. त्यांनी ऐकून घेतलं. चेतनाने दसऱ्याचा शुक्रवार दाखवला, नागपूरचं तिकीट दाखवलं, शनिवारची रांग दाखवली. पहाटेच्या पाळीत अकरा जणी आणि अकराही जणी दर शनिवारी एकजुटीने घरी बसतील का, असंही विचारलं.

"मला पटतंय हो बाई," कर्णिक चष्मा काढून डोळे चोळत म्हणाले. "पण मुकादम त्याच्या मेव्हणीलाही हजर लावेल, म्हणून तर ट्रस्टने मशीनचे दिवस धरले. आता मीच तो आकडा बदलला तर उद्या मला विचारतील, कुणाच्या सांगण्यावरून? कुणीतरी लेखी द्यायला हवं की चूक झाली, आणि ती अमुक अमुक कारणाने झाली."

मशीनच्या कंपनीचा इंजिनिअर बोलावलेला होता. धवल नावाचा, कांदिवलीहून आलेला, घामाघूम. त्याला आपल्या कंपनीची मान सोडवायची होती, आणि त्यात त्याचंही चुकत नव्हतं.

"सर, आमचा कोड एकदम बरोबर आहे. एक लाइन पण चेंज नाही केली," तो म्हणाला. "खाली जे लिनक्स आहे ना, त्या लोकांनी टाइमझोनचा डेटा काढून टाकला. आम्हाला काय स्वप्न पडणार? हे बघा, त्यांच्या साइटवर आहे." त्याने मोबाइल वर धरला आणि वाचून दाखवायला लागला. "तेरा जून, शुक्रवार. बहुतेकांना याची गरज नाही, कुणाचं नुकसान होणार नाही. आणि खाली नाव पण आहे. कोणीतरी सी. के. तायडे."

जयाला त्या वाचनातलं फारसं काही कळलं नव्हतं. आडनाव कळलं. तिने मान वळवून चेतनाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तिला वाटलं होतं, योगायोग असेल.

गप्प बसता आलं असतं. तायडे काय, जगात पुष्कळ आहेत. पण चेतनाला एकाएकी या सगळ्याचा वीट आला, आपल्या पाच दिवसांच्या गप्प बसण्याचा सर्वांत जास्त.

"मीच ती," ती म्हणाली. "चेतना खंडू तायडे. आणि तारीख शुक्रवारची नाही. शनिवार होता, चौदा जून. पहाटे मी ते केलं. द्या कागद, लिहून देते."

धवलने मोबाइल हळूच खिशात ठेवला. कर्णिकांनी चष्मा चढवला, तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि ड्रॉवरमधून कोरा कागद काढून पुढे सरकवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, मराठीत, कुणालाही समजेल असं. हा बदल मी केला. तक्ता नसेल तर यंत्र चुकीची वेळ धरेल हे मी नीट तपासलं नाही. त्यामुळे पहाटे साडेपाचच्या आधी आलेल्या कामगारांची हजेरी आदल्या दिवशी पडली. खाली सही, पत्ता, फोन नंबर. धवलने कंपनीतर्फे त्याखाली सही केली, तीही बऱ्याच आनंदाने. मग त्याने तिथेच बसून तक्ता चढवला आणि वर्षाची यादी पुन्हा काढली. जया आकाश वानखडे, दोनशे चौऱ्याहत्तर. कॅलेंडरशी एका दिवसाचाही फरक नव्हता. आणखी तिघी जणी काठावरून आत आल्या. साडेचार वाजता कर्णिकांनी यादीवर शिक्का मारला.

"अभिनंदन हं जयाबाई," ते म्हणाले.

जयाने हात जोडले. ती रडेल असं चेतनाला वाटलं होतं. ती रडली नाही. कॅलेंडर गुंडाळून काखेत धरलं आणि बाहेर पडली.

बसमध्ये दोघींना शेजारी शेजारी जागा मिळाली. मुलुंडपासून भांडुपपर्यंत जया खिडकीबाहेर बघत होती. चेतना मनात वाक्यं जुळवत होती आणि मोडत होती. शेवटी म्हणाली, "जया, मी रविवारीच सांगायला हवं होतं तुला."

"हां."

"मुद्दाम नाही गं केलं मी."

"ते कळतंय मला, ताई. तू कशाला मुद्दाम करशील?" जया अजून बाहेरच बघत होती. "मला ते तुमचं कॉम्प्युटरचं काय कळत नाही. तो पोरगा वाचत होता ना, कुणाचं नुकसान होणार नाही. ते तू पहाटेच लिहिलंस ना? पाणी भरताना?"

"हो."

"म्हणजे मी दार वाजवून गेल्यावर."

चेतनाने मान डोलावली.

"रोज साडेचारला मीच उठवते ना तुला? नऊ वर्षं. मग ताई, तुला कधी वाटलं नाही, ही बाई एवढ्या पहाटे जाते कुठे?"

हे ती भांडून बोलली असती तर चेतनाला सोसलं असतं. ती सहज बोलली, वस्तू हरवली तर कुठे ठेवली होती असं विचारावं तशी. सतरा वर्षं ती जगातल्या न पाहिलेल्या माणसांची काळजी वाहत होती, आणि त्या माणसांत समोरच्या दारातली बाई तिने कधी धरलीच नव्हती. जया व्हॅनमधून मुलुंडला पोचायच्या आत तिने ते वाक्य लिहिलं होतं. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली. पंतनगरला उतरल्यावर जया आकाशसाठी पेढे घ्यायला थांबली आणि चेतना एकटीच जिना चढली.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. चेतनाला चारलाच जाग आली. ती उठून बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली. आज थापा पडणार नाहीत असं तिने धरूनच ठेवलं होतं, आणि नाही पडल्या तर त्यात जयाचं काही चुकणार नव्हतं. स्वयंपाकघरात नळाने हवा सोडली, मग पाण्याची धार सुरू झाली. समोरचं दार उघडलं, कडी वाजली. चपला दोन पावलं आल्या आणि थांबल्या.

मग तीन थापा. "ताई, पाणी" नाही. नुसत्या थापा.

चेतनाने "हो गं" म्हटलं नाही. उठून दार उघडलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. जया दोन पायऱ्या उतरली होती. केस घट्ट बांधलेले, खांद्याला पिशवी, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र. कामावर निघालेली जया चेतनाने आजवर पाहिलीच नव्हती, नुसती ऐकली होती.

"जागीच होतीस?" जयाने विचारलं.

"हो."

जयाने क्षणभर विचार केला. मग दोन पायऱ्या परत चढून आली.

"मशीनचा काय भरवसा नाही बघ," ती म्हणाली. "कॅलेंडर आहे ना तुझ्याकडे? मग माझी हजेरी तू पण मांडत जा. पण अशी दार उघडून, मला बघून. आतून हो गं नाही चालणार."

"मांडीन," चेतना म्हणाली.

"रोज."

"रोज."

"चल, व्हॅन जाईल माझी," म्हणत जया जिना उतरायला लागली. खालच्या वळणावरून तिचा आवाज आला, "आणि नळ बघ, पिंप भरत आलं असेल!"

चपलांचा आवाज थांबेपर्यंत चेतना दारात उभी राहिली. मग आत आली. लॅपटॉप टेबलावर मिटलेलाच होता, त्यात रात्रभरच्या तक्रारी असणार होत्या. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल घेतली, शनिवारची चौकट शोधली, आणि दुधाच्या खुणेशेजारी बारीक अक्षरात लिहिलं: जया, चार पस्तीस, पाहिली.